‘आनंत’ चुकीचे नाही, मग चुकीचे काय?

मागच्या पावसाळ्यात शेजारची नववीतली मुलगी वही घेऊन आमच्याकडे आली. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी तिने चार ओळींची कविता लिहिली होती आणि ती तपासून परत मिळाली होती. ओळी अशा होत्या (अंबाझरी हा आमच्या नागपूरचा तलाव):

अंबाझरिला ढग आलेले
पाउस येउन राहिला कसा
रस्त्यावरती पाणी वाहे
मनात माझ्या गाणेच जसा

लाल शाईच्या पाच खुणा होत्या. ‘अंबाझरिला’ मधला ‘रि’ दीर्घ करून दिला होता, ‘पाउस’ आणि ‘येउन’ यांतले ‘उ’ दीर्घ केले होते, ‘येउन राहिला’च्या डोक्यावर ‘येत आहे’ असे लिहिले होते आणि ‘वाहे’ खोडून ‘वाहत आहे’ केले होते. चौथ्या ओळीला मात्र खूण नव्हती. मुलगी रडवेली झाली नव्हती, पण तिचा प्रश्न सरळ होता: “काका, एवढं सगळं बदललं तर माझी कविता उरली कुठे?”

वही दोनदा वाचल्यावर माझ्या लक्षात आले की ज्या पाच जागी शाई लागली होती, त्यांतली एकही जागा कवितेच्या दृष्टीने चूक नव्हती, आणि जी एकमेव खरी चूक होती ती चौथ्या ओळीत निर्धास्त बसून होती. तपासणाऱ्या व्यक्तीला दोष द्यावा म्हणून मी हे सांगत नाही, कारण त्याच खुणा एखाद्या निबंधात योग्यच ठरल्या असत्या. पण ‘कवीला सूट असते’ हे वाक्य आपण सगळेच म्हणतो आणि ती सूट नेमकी कशाची, कुठपर्यंत आणि कोणत्या कारणासाठी, हे क्वचितच कुणी मुलांना समजावून सांगतो. त्या संध्याकाळी मी तिला जे सांगण्याचा प्रयत्न केला, ते इथे जरा सविस्तर मांडत आहे.

‘व्याकरणाचा नियम’ या एका नावाखाली आपण तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र करतो, आणि बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिली गोष्ट म्हणजे लेखनाचे नियम, म्हणजेच ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार वगैरे. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली आले आणि १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडून ते १८ झाले. आज शाळेत ‘शुद्धलेखन’ म्हणून जे शिकवले जाते ते मुख्यतः हेच. हे नियम कागदासाठी आहेत. आपल्या आजोबांच्या पत्रांत ‘केलें’, ‘झालें’ असे अनुस्वार असत, ते पुढे गेले, पण त्यामुळे मराठी भाषा बदलली असे कोणी म्हणणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे वाक्यातील शब्दांचा क्रम. आणि तिसरी म्हणजे शब्दांचे एकमेकांशी असलेले नाते: कोणत्या नामाला कोणते विशेषण जुळते, क्रियापद कुणाच्या लिंग-वचनाप्रमाणे चालते, कोणत्या शब्दाला कोणती विभक्ती लागते. ही तिसरी गोष्ट भाषेच्या हाडांत असते. घरात बोलायला शिकणारे तीन वर्षांचे मूलही ‘गाणं चांगला’ असे फार दिवस म्हणत नाही.

कवीची सूट या तिन्ही ठिकाणी सारखी नसते. लेखनाच्या नियमांत ती सर्वांत मोकळी आहे, शब्दक्रमात तर तिला सूट म्हणण्याचेही कारण नाही, आणि शब्दांच्या नात्यात ती फार महाग पडते.

पहिल्या प्रकारासाठी आपल्या सर्वांच्या तोंडी असलेले उदाहरण मनाच्या श्लोकांतच आहे, आणि तेही पहिल्याच श्लोकात. ‘गमू पंथ आनंत या राघवाचा’ ही ओळ आपण लहानपणापासून म्हणतो, पण ‘आनंत’ असा शब्द कोशात नाही. शब्द ‘अनंत’ असा आहे. समर्थांना तो ठाऊक नव्हता असे कोणी म्हणणार नाही. मग त्यांनी ‘अ’चा ‘आ’ का केला? हे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. त्या वृत्तात प्रत्येक ओळीत १२ अक्षरे असतात आणि ती तीन-तीनच्या चार गटांत, प्रत्येक वेळी एक लघु आणि दोन गुरू अशा क्रमाने येतात. लघु म्हणजे एका मात्रेत, म्हणजे उच्चाराच्या एका मापात, उच्चारले जाणारे अक्षर आणि गुरू म्हणजे दोन मात्रांचे. ओळ या गटांत तोडून म्हणून पाहावी: गमूपं, थआनं, तयारा, घवाचा. चारही वेळा ‘लगागा, लगागा’ हा एकच ठेका ऐकू येतो. आता तिथे शुद्ध ‘अनंत’ बसवून पाहावे. दुसरा गट ‘थअनं’ होतो, दोन लघु लागोपाठ येतात, आणि म्हणणाऱ्याची जीभ त्या जागी अडखळते. ‘आनंत’ने शब्दाचा एक काना वाढवला, पण २०५ श्लोक ज्या चालीवर चालतात ती चाल राखली. अर्थाला कुठेही धक्का लागला नाही. ‘आनंत’ ऐकून दुसरा कोणताही शब्द मनात येत नाही.

जुन्या संस्कृत कवींनी हा व्यवहार एका वाक्यात सांगून ठेवला आहे: ‘अपि माषं मषं कुर्यात् छन्दोभङ्गं न कारयेत्’. माष म्हणजे उडीद. वेळ पडली तर ‘माष’चा ‘मष’ करावा, पण छंद मोडू देऊ नये, असा त्याचा अर्थ. ‘निरङ्कुशाः कवयः’, म्हणजे कवींना अंकुश नसतो, हे वचन आपल्याकडे जास्त वापरले जाते, कारण ते ऐकायला धाडसी वाटते. परंतु माझ्या मते माष-मषाचे वचनच अधिक खरे आहे. त्यात मोकळीक आहे, पण ती कशासाठी आहे तेही त्याच दमात सांगितले आहे. एक नियम सैल होतो, कारण दुसरा, त्या क्षणी अधिक मोलाचा असलेला नियम पाळायचा आहे.

ही सवलत महामंडळाच्या लेखननियमांनीही नाकारलेली नाही. वृत्ताचे बंधन पाळताना ऱ्हस्व-दीर्घाचे नियम काटेकोरपणे पाळणे शक्य नसेल, तर कवीला तसे स्वातंत्र्य असावे, असे त्या नियमांतच म्हटले आहे. म्हणजे जो नियम दाखवून आपण मुलांच्या कवितेतला ‘रि’ दीर्घ करतो, त्याच नियमावलीने तो ऱ्हस्व ठेवण्याची परवानगीही दिलेली आहे. बालकवींची ‘हिरवळ दाटे चोहिकडे’ ही ओळ तर पाठ्यपुस्तकातून पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. ‘चोहीकडे’ लिहिले की तिथे एक मात्रा वाढते आणि म्हणताना ती लगेच जाणवते.

आता शब्दक्रमाकडे वळतो. मराठी वाक्याची नेहमीची रचना कर्ता, कर्म, क्रियापद अशी असते, पण ती सवय आहे, अट नाही. ‘रामाने रावणाला मारले’, ‘रावणाला रामाने मारले’, ‘मारले रामाने रावणाला’ या तिन्ही वाक्यांत कोण मेला याबद्दल शंका राहत नाही, कारण ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय आपापल्या शब्दाला घट्ट धरून असतात. शब्द कुठेही ठेवला तरी त्याची ओळख त्याच्या अंगावरच असते. म्हणून मराठी कवी शब्द मागेपुढे करतो तेव्हा तो व्याकरण मोडत नाही. व्याकरणाने दिलेली जागा वापरतो. जिथे व्याकरणाने जागा दिलेली नाही, तिथे कवीही जात नाही. प्रत्यय शब्दाच्या आधी लावून ‘ला रावणा’ असे लिहिणारा कवी निदान मला तरी आजवर भेटलेला नाही.

परंतु शब्दक्रम इतका ताणता येतो की वाचणाऱ्याचा पाय अडकावा, आणि काही कवी तो मुद्दाम तिथवर नेतात. मर्ढेकरांची प्रसिद्ध ओळ घ्यावी: ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’. सरळ गद्यात हे ‘ओल्या पिपांत उंदीर मेले’ असे होईल. कवितेत ‘ओल्या’ हे विशेषण आपल्या नामापासून तुटून, मध्ये क्रियापद टाकून, थेट उंदरांच्या शेजारी येऊन बसले आहे. वाचताना डोळा आधी ‘ओल्या उंदिर’ असेच जोडतो. लगेच कान सांगतो की हे जुळत नाही, उंदीर असते तर ‘ओले’ हवे होते. मग मन मागे वळते आणि ‘ओल्या’ला त्याचे खरे घर, म्हणजे ‘पिपांत’, सापडते. हा सारा प्रवास अर्ध्या क्षणाचा आहे, पण त्या अर्ध्या क्षणात पिपाची ओल उंदरांच्या अंगाला लागलेली असते. गद्यातल्या क्रमाने ओल फक्त पिपातच राहिली असती. हे शक्य होते तेही ‘ओल्या’च्या सामान्यरूपामुळे. विशेषणाने आपल्या नामाची खूण अंगावर बाळगली आहे, म्हणून ते इतक्या दूर जाऊनही हरवत नाही. व्याकरण पक्के असल्याशिवाय ही ओळ लिहिताच आली नसती.

आणि ‘उंदिर’? लेखननियमांप्रमाणे तो ‘उंदीर’ हवा. मात्रा मोजाव्यात: ‘पिपांत’ ४, ‘मेले’ ४, ‘ओल्या’ ४, ‘उंदिर’ ४, अशा १६. ‘उंदीर’ केला की १७ होतात. एकाच ओळीत एक सवलत चालीसाठी घेतली आहे आणि एक ओढाताण अर्थासाठी केली आहे, आणि दोन्ही कामे वेगवेगळी आहेत.

मात्रा मोजण्याविषयी इथेच एक खुलासा करतो, कारण नवशिक्यांची दिशाभूल बहुधा इथे होते. जोडाक्षराच्या आधीचे अक्षर गुरू मानावे असे आपण शिकतो, पण मराठीत ते उच्चारावर अवलंबून असते. ‘भक्ती’ म्हणताना ‘भ’वर आघात येतो, म्हणून तो गुरू. ‘तुझ्या’, ‘उद्या’, ‘जगण्याने’ या शब्दांत जोडाक्षराचा भार मागच्या अक्षरावर पडत नाही, म्हणून ते लघुच राहते. संस्कृतचा नियम जसाच्या तसा लावला, तर कितीतरी चांगल्या मराठी ओळी चुकलेल्या वाटतील. चूक मोजणाऱ्याची असते.

आमच्या विदर्भातल्या दोन कवींच्या ओळी शेजारी ठेवल्या की हे मोजमाप किती सूक्ष्मपणे चालते ते दिसते. नागपूरचे ग्रेस यांची ‘भय इथले संपत नाही, मज तुझी आठवण येते’ ही ओळ घ्यावी. तिच्यात ‘मज’ आहे, आणि त्याच कडव्यात पुढे ‘तू मला शिकविली गीते’ असे ‘मला’ आहे. एकाच कडव्यात एकदा जुने रूप आणि एकदा आजचे, असे का? दोन्ही चरण १४ मात्रांचे आहेत. ‘मज’ २ मात्रांचा आणि ‘मला’ ३ मात्रांचा. पहिल्या जागी ‘मला’ बसवला तर १५ होतात, दुसऱ्या जागी ‘मज’ बसवला तर १३. दोन्ही रूपे भाषेच्या भांडारात आहेत. कवीने जिथे जे मापात बसते ते घेतले. जुनी रूपे वापरणे ही चूक नसते, तो आपल्याच घरातला वारसा असतो. मुलीच्या कवितेतला ‘वाहे’ याच कुळातला आहे.

सुरेश भट अमरावतीत जन्मले आणि पुढे नागपूरकर झाले. त्यांच्या ‘इतकेच मला जाताना सरणावर कळले होते’ या गझलेच्या मतल्याचे, म्हणजे पहिल्या दोन ओळींचे, चारही तुकडे पुन्हा १४-१४ मात्रांचेच आहेत. दुसरी ओळ अशी: ‘मरणाने केली सुटका, जगण्याने छळले होते’. गद्यात आपण ‘मरणाने सुटका केली’ असे म्हणू. गंमत अशी की तसा क्रम लावला तरी मात्रा १४च राहतात, आणि तो तुकडा ओळीच्या मध्यावर असल्यामुळे यमकाचाही प्रश्न येत नाही. म्हणजे वृत्ताने हा बदल मागितलेलाच नव्हता. तो अर्थाने मागितला. ‘मरणाने केली’ आणि ‘जगण्याने छळले’, अशी करणारा आणि त्याची करणी यांची जोडी दोन्ही बाजूंना लागून येते, आणि तराजूची दोन पारडी समोरासमोर दिसतात. ‘सुटका केली’ म्हटले की एक पारडे कलते. ज्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून काफिया (यमक), रदीफ (यमकानंतर तसाच पुन्हा येणारा शब्द) आणि अलामत (यमकाआधीचा समान स्वर) यांचे नियम नवोदितांना शिकवले, त्यांच्या ओळीत शब्द असा कारणाशिवाय हलत नाही.

म्हणून मी मुलांना एक साधी कसोटी सांगतो. जिथे कवीने नियम सोडला आहे असे वाटते, तिथे शुद्ध रूप परत बसवून ओळ मोठ्याने म्हणावी. काही बिघडले का? चाल बिघडली, की अर्थ, की दोन्ही? काहीच बिघडले नाही, तर त्या जागी सूट घेण्याची गरज नव्हती आणि शुद्ध रूपच ठेवावे.

या कसोटीला उतरणारे मला माहीत असलेले सर्वांत देखणे उदाहरण कालिदासाचे आहे. नागपूरच्या माणसाला कालिदास परका वाटत नाही, कारण रामटेक इथून ५० किलोमीटरच्या आसपास आहे आणि मेघदूतातला रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असे आमच्या नागपूरच्या वा. वि. मिराशींनी साधार मांडले. पण उदाहरण मेघदूतातले नाही, रघुवंशाच्या नवव्या सर्गातले आहे. दशरथ शिकारीला निघाला आहे. एक रानरेडा त्याच्यावर चाल करून येतो आणि राजा त्याच्या डोळ्याच्या खोबणीत बाण मारतो. बाण इतक्या वेगाने देहाच्या आरपार जातो की त्याच्या शेपटाला रक्तसुद्धा लागत नाही. तो आधी रेड्याला पाडतो आणि मग स्वतः पडतो. शेवटचा चरण असा आहे: ‘तं पातयां प्रथममास पपात पश्चात्’. संस्कृत शिकलेल्याला इथे धक्का बसतो. क्रियापद ‘पातयामास’ असे अखंड असते. ‘पातयाम्’ आणि ‘आस’ हे भाग लागोपाठच यायला हवेत, असे वैयाकरण सांगतात. कालिदासाने त्यांच्या मधोमध ‘प्रथमम्’ घुसवला आहे. वसंततिलका वृत्तात अखंड ‘पातयामास’ इथे बसत नाही, हे एक कारण झाले. पण ओळ पुन्हा म्हणून पाहिली की दुसरेही काही दिसते. बाण देह चिरून पलीकडे जातो आहे, आणि त्याच क्षणी क्रियापदही मधोमध चिरले गेले आहे. कवीने हे ठरवून केले की वृत्ताच्या ओढीत साधले, हे मला सांगता येणार नाही; मात्र एकदा दिसल्यावर ते न दिसणे शक्य नाही. अशा जागी व्याकरणाचा भंग झाला असे म्हणण्यापेक्षा, व्याकरणाचा अवयवच चित्रासाठी वापरला गेला असे मी म्हणेन.

तिसऱ्या प्रकारच्या, म्हणजे शब्दांच्या नात्यातल्या बदलाला मोठे कारण लागते. ‘येई हो विठ्ठले माझे माउली ये’ ही आरती महाराष्ट्रात घरोघरी म्हटली जाते. विठ्ठल पुल्लिंगी आहे, त्याला हाक मारायची तर ‘विठ्ठला’ म्हणावे लागते. ‘विठ्ठले’ हे संबोधन स्त्रीलिंगी आहे, संस्कृतात ‘रमे’, ‘सीते’ म्हणतात तसे. भक्ताने कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या देवाचे लिंग एका स्वराने बदलले आणि त्याला आई केले. इथे चालीचा प्रश्नच नाही. ‘विठ्ठला’ आणि ‘विठ्ठले’ यांच्या मात्रा सारख्याच आहेत. शुद्ध रूप परत बसवले तर ठेका तसाच राहतो, पण आईला मारलेली हाक नाहीशी होते. सुमारे हजार वर्षांपूर्वी संस्कृत काव्यशास्त्रकार कुंतकाने ‘वक्रोक्तिजीवित’ या ग्रंथात लिंग, वचन, काळ, पुरुष आणि कारक यांच्या निवडीतून काव्यात येणारे सौंदर्य एकेक करून सांगितले आहे. ज्या नामाची एकाहून अधिक लिंगे शक्य आहेत, तिथे कवी स्त्रीलिंग का निवडतो याचाही त्याने विचार केला आहे. आपली आरती त्याच्याही एक पाऊल पुढे गेली, कारण इथे निवडीला वावच नव्हता आणि तरीही तो निर्माण केला गेला.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. त्याच परंपरेतल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्यदोषांची जी यादी दिली आहे, तिच्यात ‘च्युतसंस्कृति’ म्हणजे व्याकरणदृष्ट्या अशुद्ध शब्द वापरणे हा स्पष्टपणे दोष मानला आहे. कवी निरंकुश आहेत म्हणून सर्व माफ, असे आपल्या काव्यशास्त्राने कधीच म्हटले नाही. मात्र त्याच मम्मटाने एक दार उघडे ठेवले: अनुकरण असेल तर कोणताच दोष दोष राहत नाही. एखाद्या माणसाचे बोलणे जसेच्या तसे दाखवायचे असेल, तर त्याच्या बोलण्यातली तथाकथित अशुद्धता कवितेत आलीच पाहिजे.

हे दार आम्हा नागपूरकरांच्या फार जवळचे आहे. मुलीने ‘पाउस येउन राहिला’ लिहिले आणि त्यावर ‘येत आहे’ अशी दुरुस्ती आली. पण नागपुरात सीताबर्डीपासून महालापर्यंत कुणालाही विचारा, ‘मी जाऊन राहिलो’, ‘तो जेवून राहिला’ हीच चालू वर्तमानकाळाची रोजची रचना आहे. ती मोडलेली प्रमाण मराठी नाही. ती आपल्या नियमांनी चालणारी बोली आहे, आणि त्या नियमांत ‘राहिला’ हे लिंग-वचनाप्रमाणे बिनचूक बदलते: ती जेवून राहिली, ते जेवून राहिले. बोलीत लिहिणे म्हणजे व्याकरण मोडणे, हा समज आपण सोडून दिला पाहिजे. बहिणाबाईंच्या ओव्यांना खानदेशाच्या बोलीचे व्याकरण आहे आणि वऱ्हाडी कवितेला वऱ्हाडीचे. मुलीच्या ओळीत तर आणखी एक लाभ अनायासे झाला आहे. पुण्याचा वाचक ‘पाऊस येऊन राहिला’ हे ‘पाऊस आला आणि मुक्कामाला राहिला’ असे वाचील, नागपूरचा वाचक ‘पाऊस येतो आहे’ असे वाचील, आणि श्रावणातल्या अंबाझरीच्या पावसाला दोन्ही अर्थ लागू आहेत.

मुक्तछंदाविषयी थोडेच सांगतो, कारण त्याबाबतचा गैरसमज मोठा असला तरी खुलासा लहान आहे. मुक्तछंद म्हणजे व्याकरणातून सुटका, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. वृत्तात लिहिणाऱ्याजवळ ‘मात्रा बसत नव्हती’ हे कारण असते. मुक्तछंदात लिहिणाऱ्याजवळ ते उरत नाही, म्हणून त्याने बदललेल्या प्रत्येक रूपाला अर्थाचेच कारण द्यावे लागते. तिथे ‘चोहिकडे’ लिहिले तर ती निव्वळ ऱ्हस्व-दीर्घाची चूक ठरेल. मराठीत मुक्तछंद रुजवणारे कवी अनिल यांनी आयुष्याचा मोठा काळ नागपुरात काढला. ‘भग्नमूर्ती’ (१९४०) सारखे दीर्घकाव्य मुक्तछंदात लिहिणाऱ्या या कवीने पुढे दहा ओळींची ‘दशपदी’ ही बांधीव रचना स्वतः घडवली आणि त्याच नावाच्या संग्रहाला १९७७ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्याने बंधन सोडले त्यानेच स्वतःसाठी नवे बंधन आखले, याचे मला कधीच आश्चर्य वाटले नाही.

आता पुन्हा वहीकडे. मुलीला मी मात्रा मोजायला सांगितल्या. तिने बोटांवर मोजल्या आणि चारही ओळी १६-१६ भरल्या. तिने कधी वृत्त शिकले नव्हते, कानाने लिहिले होते. मग लाल शाईने सुचवलेली रूपे बसवून आम्ही पुन्हा मोजले. ‘अंबाझरीला ढग आलेले’ १७. ‘पाऊस येत आहे कसा’ १५. ‘रस्त्यावरती पाणी वाहत आहे’ २०. फक्त शेवटची ओळ १६वर राहिली, कारण तिला कुणी हात लावला नव्हता. तिने ओळी मोठ्याने म्हणून पाहिल्या आणि तिसऱ्या ओळीवर स्वतःच थांबली.

त्यानंतर मी तिचे बोट ‘गाणेच जसा’वर ठेवले. गाणे नपुंसकलिंगी आहे, म्हणून ‘जसे’ हवे. ‘कसा’शी यमक जुळावे म्हणून तिने ‘जसा’ केले होते, आणि हा बदल चालीसाठी नव्हता, अर्थासाठीही नव्हता. शुद्ध रूप बसवले तर १६ मात्रा तशाच राहतात, अर्थही तसाच राहतो, जाते ते फक्त यमक. यमकासाठी शब्दांचे नाते तोडणे हे सगळ्यांत स्वस्तात घेतलेले स्वातंत्र्य असते, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळते, कारण त्याचा कान त्या नात्याशी तीन वर्षांचा असल्यापासून बांधलेला असतो. विठ्ठलाची ‘विठ्ठले’ झाली तेव्हा देव आई झाला. गाण्याचा ‘जसा’ झाला तेव्हा काहीच झाले नाही.

“मग यमक सोडू का?” तिने विचारले. मी म्हटले, यमक ठेवायचे असेल तर नाम बदलून पाहा, पुल्लिंगी आणि तितक्याच मात्रांचे नाम शोध. ती खिडकीशी जाऊन बसली. बाहेर खरोखरच पाऊस येऊन राहिला होता, आणि गल्लीतली पोरे साचलेल्या पाण्यात ओरडत उड्या मारत होती. दहा मिनिटांनी तिने ‘गाणेच’ खोडले आणि त्याच्यावर पेन्सिलने लिहिले:

मनात माझ्या दंगाच जसा

आम्ही दोघांनी मिळून मोजल्या. १६ भरल्या.